बाईकवरून पळाला

वखारीच्या गल्लीत तिला सगळे बाईकबाई म्हणत, आणि त्या नावाला तीच जबाबदार होती. ऐन उमेदीची वर्षं तिने परदेशात, एका थंड मुलखात नर्स म्हणून काढली होती. सायकलवरून घरोघर जायचं, म्हाताऱ्या माणसांच्या जखमा धुवायच्या, त्यांना आंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, हे तिचं काम. तिथले लोक सायकलला बाईक म्हणत. तिच्या तोंडी तोच शब्द बसला. नवरा तिकडेच वारला, मूलबाळ नव्हतं. केस पिकल्यावर ती परत आली तेव्हा बोलण्यात बाकी काही फरक पडला नव्हता, एवढा एक शब्द सोडला तर.

"जरा माझी बाईक सावलीत लाव रे," ती म्हणायची आणि समोरचा माणूस मोटरसायकल शोधत इकडेतिकडे बघत राहायचा. भिंतीला टेकलेली असायची एक हिरवी, जुनी, पुढे टोपली असलेली सायकल.

"बाई, तुमच्या बाईकला किक कुठंय?" गल्लीतला शिंपी हटकून विचारायचा.

"माझ्या पायात आहे. दाखवू?"

शिंप्याचं दुकान वखारीच्या फाटकासमोर होतं. दुपारी हवा भरायला, बटण लावून घ्यायला म्हणून ती तिथे टेकायची. गप्पा निघाल्या की या शब्दाची गोष्ट सांगायची. परदेशात ती ज्यांची शुश्रूषा करायची त्यातला एक म्हातारा मास्तर होता. पाय गेलेले, पण जीभ शाबूत. त्याने तिला सांगितलं होतं की 'बाय' म्हणजे लॅटिनमधले दोन आणि 'सायकल' हे ग्रीक लोकांचं चाक. दोन भाषांतले तुकडे जोडून 'बायसिकल' हे दोन चाकांचं नाव तयार झालं. त्याआधीच्या गाड्यांना लोक हाडं खिळखिळी करणारी म्हणायचे. मग एवढं लांब नाव कोण घेणार, म्हणून पोराटोरांनी त्याचं छाटून बाईक केलं. पुढे कोणीतरी त्याच सांगाड्यावर इंजिन चढवलं आणि तिलाही तेच नाव चिकटलं.

"म्हणजे खरी बाईक तुमचीच? मोटरवाल्यांनी ढापली?"

"ढापली कसली, उसनी नेली. परत द्यायचं विसरले." मग ती मान हलवून पुढचं सांगायची. "आणि मास्तरच्या गावाकडची जुनी माणसं गांधीलमाश्यांच्या पोळ्यालासुद्धा बाईकच म्हणायची. शब्द तोच, कूळ वेगळं."

"भारीच की! कुठे बसायचं ते बघून बसलं पाहिजे," शिंपी म्हणायचा, आणि दोघं हसायचे.

गल्लीत सगळ्यांना हे माहीत होतं. शिंप्याला होतं, वखारीतल्या कामगारांना होतं. मुकादमाच्या बायकोला तर चांगलंच माहीत होतं, कारण ती बाईकबाईकडे वरचेवर यायची.

ती यायची ती मार खाऊन. कधी ओठ फाटलेला, कधी मनगट सुजलेलं. "न्हाणीघरात पाय घसरला, ताई." बाईकबाई औषध लावायची. एकदा तिने स्पष्टच विचारलं, "त्या न्हाणीघराला मिश्या आहेत का गं?" मुकादमाची बायको हसली, आणि ओठाची जखम पुन्हा उलल्यावर रडायला लागली.

मुकादम दांडगा होता. करवतीवर उभ्या असलेल्या माणसांवर ओरडण्यात त्याचा दिवस जायचा आणि उरलेला राग घरी उतरायचा. तिच्या माहेरचं म्हणावं असं एकच माणूस होतं, थोरला भाऊ. तो बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. मागे लांब लोखंडी कॅरिअर असलेल्या सायकलवर बर्फाच्या लाद्या बांधून तो मासळीबाजारात पोचवायचा. अबोल माणूस. बहिणीकडे आला की चेहऱ्यावरचे वळ बघायचा आणि पाणी पिऊन जायचा. त्याच्या मनात काय साठत होतं ते कोणाला कळलं नाही.

त्या दुपारी वखारीतली करवत जेवणासाठी बंद झाली होती. कामगार आत डबे उघडून बसले होते. मुकादम फाटकाजवळच्या नळावर हात धूत होता. बाईकबाई शिंप्याच्या पायरीशी वाकून चाकात हवा भरत होती. शिंपी आत काजं करत होता.

उतारावरून एक माणूस सायकलवर आला. तोंडाला राखाडी फडकं गुंडाळलेलं. त्याने सायकल नळाजवळ सोडली नाही. एक पाय जमिनीला टेकवला, कमरेमागून काहीतरी काढलं आणि मुकादम वळायच्या आत त्याच्या मांडीत घातलं. घातलं आणि ओढलं. मुकादमाच्या तोंडातून आवाज आला तो माणसाचा वाटला नाही. तो गुडघ्यावर आला तसा दुसरा घाव खांद्यावर बसला, हाड वाजलं. मग तो माणूस उभ्या उभ्याच पेडल मारत भुशाच्या ढिगामागच्या बोळात शिरला.

बाईकबाईच्या हातातून पंप गळून पडला. ती धावली. मुकादमाच्या जांघेतून रक्त उसळून येत होतं, थांबत होतं, पुन्हा उसळत होतं. हे उसळणं तिने आयुष्यात पुष्कळदा पाहिलं होतं. मोठी रक्तवाहिनी फाटली होती. तिने मूठ वळली, जखमेच्या वर रोवली आणि अंगाचा सगळा भार त्या मुठीवर टाकला. रक्त तिच्या कोपरापर्यंत आलं, पण उसळणं थांबलं.

कामगार आरडाओरडा करत बाहेर आले. "कोण होता? कोणी मारलं?"

"बाईकवरून पळाला!" ती ओरडली. "बोळात गेला! आधी कापड द्या मला! अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा!"

आणि नेमकी त्याच वेळी त्या बोळातून मोटरसायकल बाहेर आली.

चालवणारा पार्सलवाला होता, विशी ओलांडलेला, मागे मोठा चौकोनी डबा. या भागात नवा होता. पत्ता सापडेना म्हणून बोळातून बाहेर पडत होता. समोर रक्त आणि गर्दी बघून तो दचकला आणि त्याने गाडी वळवायचा प्रयत्न केला. तेवढं पुरलं.

"हाच! पळतोय बघ! धरा!"

पहिली फळी गाडीच्या चाकावर बसली. पार्सलवाला खाली पडला आणि गाडी त्याच्या पायावर आली. त्याला हेल्मेट काढायचीही सवड मिळाली नाही. ते दुसऱ्याच कोणीतरी हिसकावून काढलं आणि त्याच हेल्मेटने त्याच्या तोंडावर मारलं. वखारीत फळकुटांना तोटा नव्हता. ज्याच्या हाताला जे लागलं ते घेऊन तो आला. ज्यांनी काही पाहिलं नव्हतं तेही आले. मुकादमाच्या शिव्या रोज खाणारे, त्याच्या नावाने बोटं मोडणारे कामगार आता त्याच्यासाठी चवताळून मारत होते. खरं तर ते कोणासाठी मारत होते हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"तो नव्हे!" बाईकबाई किंचाळली. "तो नव्हे रे! मारणारा बाईकवर होता, साध्या बाईकवर!"

गर्दीच्या कानात तेवढाच शब्द शिरला. "बाई म्हणतायत बाईकवर होता! ऐकलं ना?" आणि फळ्या आणखी जोरात पडू लागल्या.

तिच्या मुठीखाली मुकादम तडफडत होता. तिने हात काढला असता तर तो काही श्वासांत संपला असता. नाही काढला, तर समोर ते पोर संपणार होतं. शिंपी तिच्या शेजारी येऊन उभा होता.

"इथे दाब! माझ्या हाताच्या जागी तुझा हात घाल!"

शिंपी वाकला, त्याने रक्त पाहिलं आणि तिथेच बाजूला कलंडला. सुईशिवाय दुसऱ्या कशाने भोक पडताना न पाहिलेला माणूस तो. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता.

पार्सलवाल्याचं ओरडणं आधी "मी नाही, मी नाही" असं होतं. मग नुसतं "आई" उरलं. मग तेही बसत चाललं. बाईकबाई मुठीवर भार टाकून बघत राहिली.

तेवढ्यात मुकादमाची बायको नवऱ्याचा डबा घेऊन आली. तिने सगळं एका नजरेत पाहिलं. डबा खाली पडला. ती ओरडली नाही. जवळ आली, गुडघे टेकले आणि नवऱ्याच्या मांडीकडे बघत राहिली. जखम कापलेली नव्हती, ओढून फाडलेली होती.

"मूठ वळ. इथे घाल. सगळं वजन टाक. तो कितीही ओरडला तरी सोडू नकोस. जमेल?"

तिने मूठ घातली.

बाईकबाई उठून पळाली. गर्दीला बाहेरून ढकलून काही होईना, तेव्हा ती खाली वाकली आणि लोकांच्या पायांमधून रांगत आत गेली. त्या पोराच्या अंगावर आडवी पडली. एक फळी तिच्या पाठीवर बसली, दुसरी कानशिलावर. तिसरी वर उचलणारा हात थबकला.

"अरे, बाईकबाई आहेत!"

"सायकल!" तिच्या तोंडातून शेवटी तो शब्द निघाला. "सायकलवर होता तो! सायकलवर, मेल्यांनो!"

सगळे थांबले. कोणीतरी हातातलं फळकूट हळूच मागे टाकलं, जणू ते त्याचं नव्हतंच. बाईकबाईने पार्सलवाल्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. डाव्या डोळ्याच्या जागी जे होतं ते बघून तिने त्यावर अलगद तळहात धरला आणि तो तसाच धरून ठेवला, अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत.

दोघांनाही एकाच गाडीतून नेलं.

संध्याकाळी ती कपडेही न बदलता पोलीस ठाण्यात गेली. साहेब वैतागलेले होते.

"बाई, तुम्ही बाईक म्हणालात. अख्ख्या गल्लीने ऐकलंय. पोरगा मोटरसायकलवर होता, पळत होता, डब्यात पान्हा सापडलाय. दवाखान्यात त्याच्या खाटेशी आम्ही माणूस बसवलाय. आता तुम्ही येऊन सायकल म्हणताय?"

"मी सायकललाच बाईक म्हणते. कोणालाही विचारा."

"का म्हणता पण?"

मास्तर, लॅटिन, ग्रीक यातलं काही तिला सांगावंसं वाटेना. "सवय," ती म्हणाली. "माझी चूक झाली. पण जखम पान्ह्याची नाही. डॉक्टरांना विचारा. टोकदार, वाकडं काहीतरी होतं. आणि सायकलला मागे लांब लोखंडी कॅरिअर होतं, ओझ्याच्या सायकलला असतं तसं."

साहेबांनी थोडा वेळ तिच्या सुजलेल्या कानशिलाकडे पाहिलं. "उद्या या. सविस्तर जबाब घेऊ. सह्या लागतील."

ठाण्यातली गोष्ट बाहेर पडायला वेळ लागत नाही. सकाळपर्यंत लांब कॅरिअरची सायकल साऱ्या गल्लीच्या तोंडी झाली होती.

दुसऱ्या दिवशी ती ठाण्यात जायला निघाली होती. दारात मुकादमाच्या बायकोचा भाऊ उभा होता. तो आत आला आणि त्याने दार लोटलं. एका हातात लोखंडी आकडा होता, बर्फाच्या लाद्या ओढायचा. बाईकबाईला ती फाटलेली मांडी आठवली आणि सगळं लक्षात आलं.

"बसा, बाई," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "तुम्ही काल बाईक म्हणालात ना? बाईकच राहू द्या. खोटं बोला असं मी म्हणत नाही. जे बोललात तेच बोला."

"तो पोरगा दवाखान्यात पडलाय."

"त्याला मी हात लावला नाही."

"पण ऐकलंस ना? तो कसा ओरडत होता ते?"

त्याचा जबडा हलला. "माझी बहीण किती वर्षं ओरडतेय? तेव्हा कोण धावलं? तुम्ही नुसतं औषध लावत बसलात."

हे तिला लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. तरीही ती म्हणाली, "मी सायकलच सांगणार. सरक, मला जाऊ दे."

त्याने आकडा फिरवला तो आधी आत भिंतीला टेकलेल्या तिच्या सायकलवर. टोपली चेपली, पुढच्या चाकाच्या तारा तडातडा तुटल्या. मग ती दाराकडे झेपावली तसा त्याने तिला केसांना धरून मागे ओढलं. ती टेबलावर आदळली. तिने हाताला लागली ती किटली त्याच्या तोंडावर मारली. त्याचं नाक फुटलं. त्याने तिचा उजवा हात टेबलावर दाबला आणि आकड्याचा दांडा मनगटावर घातला. हाड मोडल्याचं तिला आधी ऐकू आलं, मग कळलं.

"काय म्हणणार? बोला! काय म्हणणार?"

"सायकल," ती म्हणाली.

त्याने आकडा पुन्हा उचलला. त्याच वेळी दार उघडून त्याची बहीण आत आली. लांब कॅरिअरची बातमी कानावर पडताच ती दवाखान्यातून धावत आली होती. "दादा, सोड त्यांना!" ती मधे घुसली. वर गेलेला हात खाली आला तो तिच्या तोंडावर. ती भिंतीवर आपटली आणि खाली बसली. ओठातून रक्त हनुवटीवर उतरलं.

तो तिच्याकडे बघत राहिला. असं तिला त्याने कितीदा तरी पाहिलं होतं, याच जागी फाटलेला ओठ, हीच खाली घातलेली मान. आकडा त्याच्या हातातून सुटला.

"लागलं?" त्याने विचारलं.

"सवय आहे मला," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला कालच कळलं होतं, दादा. जखम बघून कळलं. ताई बाईक म्हणाल्या असं लोक ओरडत होते, तेव्हाच मला समजायला हवं होतं की सायकल आहे. समजलंही होतं बहुतेक. मी गप्प बसले, आणि त्या पोराचा डोळा गेला."

तो जमिनीवर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

बाहेर मात्र मोहोळ उठलं होतं. आवाज ऐकून शिंप्याने हाळी दिली होती आणि वखारीतली माणसं पुन्हा जमली होती. तीच माणसं. कोणाच्या हातात फळकूट, कोणाच्या हातात साखळी. "बाहेर काढा त्याला! कालची भरपाई आज करतो!"

बाईकबाई मोडलेला हात छातीशी धरून दारात येऊन उभी राहिली. "कालची भरपाई? काल ज्याला मारलंत त्याच्याकडे जाऊन करा. दवाखाना लांब नाही."

"बाई, तुम्हाला मारलंय त्याने!"

"मला मारलंय ना? मग काय करायचं ते मी ठरवते. याला मी ठाण्यात नेणार आहे. चालत. मधे कोणी आलं तर आधी माझा दुसरा हात मोडा."

शिंपी पुढे झाला. कालच्या कलंडण्याची लाज त्याला बहुधा रात्रभर पुरली होती. तो बर्फवाल्याच्या एका बाजूला जाऊन उभा राहिला. दुसऱ्या बाजूला बहीण. पुढे बाईकबाई. गर्दी दुभंगली. एकाने वाटेत थुंकून घेतलं, एकाने मागून दगड मारला तो शिंप्याच्या पाठीवर बसला. तो फक्त "आई गं" म्हणाला आणि चालत राहिला.

खटला चालला. बर्फवाल्याने सगळं कबूल केलं, तरी त्याच्या वकिलाने बाईकबाईला आडवंतिडवं विचारलंच. "एकदा बाईक, एकदा सायकल. नेमकं खरं काय?" तिने सांगितलं, "दोन्ही. पण ज्यांना मी सांगत होते त्यांना कळेल ते बोलायला हवं होतं." बर्फवाल्याला शिक्षा झाली. फळ्या मारणाऱ्यांपैकी दोघंतिघं सापडले, बाकीच्यांना कोणी ओळखलं नाही. मुकादम वाचला, पण पाय ओढत चालतो. बायको त्याच्या घरी परत गेली नाही. ती आता बाईकबाईबरोबर आजाऱ्यांच्या घरी कामाला जाते, आणि रक्त बघून तिचा हात कापत नाही.

पार्सलवाल्याचा डावा डोळा गेला, पाय जुळून आला. बाईकबाई हाताला प्लास्टर असतानाच त्याच्या घरी जाऊ लागली. पहिल्या दिवशी त्याच्या आईने दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर उघडलं, पण बसायला सांगितलं नाही.

एक दिवस तो म्हणाला, "तुम्ही लगेच का नाही आलात?"

"हात अडकला होता."

"माहीत आहे. सगळ्यांनी सांगितलंय. तुमची चूक नाही असंही सांगितलंय." तो भिंतीकडे बघत होता. "तरी मला तुमचा राग येतो."

"येऊ दे."

"रोज येतो."

"मीही रोज येते," ती म्हणाली. "तुझं चालू दे, माझं चालू दे."

त्याला हसू आलं नाही. त्याने पाण्याचा तांब्या उचलला आणि पेल्यात ओतू लागला. एका डोळ्याने अंतर कळत नाही. पाणी पेल्याच्या बाहेर, टेबलावर पडलं. त्याने तांब्या आपटला आणि एक सणसणीत शिवी दिली.

बाईकबाईने फडकं घेऊन टेबल पुसलं. मग त्याचं मनगट धरलं आणि तांब्याची कड पेल्याच्या कडेला टेकवली. "आधी टेकवायचं, कड कडेला लागली की मगच ओतायचं. कर बघू."

त्याने तिचा हात झटकला. मग तांब्या पेल्याला टेकवला, किण्ण असा आवाज आला, आणि त्याने हळूहळू पाणी ओतलं. पेला भरला.

"आईसाठी पण एक भर," ती म्हणाली.

आतल्या खोलीतून त्याची आई येऊन दारात उभी राहिली होती. तिने स्टूल पुढे सरकवलं आणि बाईकबाईला म्हणाली, "बसा."